आजोबांची पिकअप एकदम सगळी उघडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची 1987 ची महिंद्रा डिझेल पिकअप, एक्सडीपी इंजिनाची, बरीच वर्षे शेतातल्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरत नाही. हौद्याचा पत्रा जागोजागी गेला आहे. आरसी सापडली, पण बाकी कागद अर्धेच आहेत. घरामागे पत्र्याचे शेड आहे आणि सुटीच्या दिवशी स्वतः हात काळे करायची तयारी आहे. आधी इंजिन करू की आधी पत्रा, मूळ इंजिन ठेवू की मेव्हणे म्हणतात तसे बोलेरोचे बसवू, आणि शेवटी ही गाडी रस्त्यावर येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

येईल. माझ्या पाहण्यात घरच्या शेडमध्ये ज्या जुन्या गाड्या मेल्या, त्यातल्या बहुतेक गंजामुळे मेल्या नाहीत. मालकाने पहिल्या उत्साहात सगळी गाडी एकदम उघडली म्हणून त्या मेल्या. दोन रविवारांत इंजिन खाली, केबिन बाजूला, हौदा अंगणात, नट-बोल्ट एका बादलीत. मग लग्नसराई येते, ऊस तोडायला येतो, पाऊस लागतो. पुढच्या वर्षी त्या बादलीतला कुठला बोल्ट कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही आणि गाडी भंगारवाल्याकडे वजनावर जाते. म्हणून एक नियम धरा: एका वेळी एकच अंग उघडायचे आणि ते बसवल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही. गाडी चार चाकांवर उभी आणि ढकलता येण्यासारखी राहिली पाहिजे. क्रम असा: कागद, सांगाडा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. सगळ्यांना रंगापासून सुरुवात करायची असते, कारण तो दिसतो.

कागदांपासून सुरू करू, कारण तिथे अडले तर पुढचा खर्च शोभेचा ठरतो. तुमची गाडी 1989 च्या आधीची, म्हणजे एमएच सुरू होण्यापूर्वीच्या तीन अक्षरी नंबराची असणार. अशा गाड्यांची नोंद पुष्कळदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरात असते, पण संगणकावर चढलेली नसते. आधी 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बघा. दिसला नाही तर आरसी घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एंट्रीचा अर्ज करा. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 लागतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमतीही लागते. भावकीत कुणी सही अडवणारे असेल तर ते आत्ताच कळलेले बरे. गाडी रंगून चकचकीत झाली की सहीची किंमत वाढते.

पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तिला दरवर्षी फिटनेस लागतो. आरसीवर एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. थकलेला कर आणि पर्यावरण कर निघेल. आजोबांनी गाडी वापरात नसल्याचे वेळेवर लेखी कळवले असेल तर तो कागद सोन्याचा आहे, जुन्या ट्रंकेत शोधा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेलबाबत जे कडक निर्बंध आले, ते वाचून घाबरू नका. महाराष्ट्रात निव्वळ वय झाले म्हणून खासगी मालकाची गाडी बंद होत नाही, ती फिटनेसमध्ये पास व्हावी लागते. सरकारी लिलावातली जुनी जीप घ्यायला निघालेल्यांसाठी मात्र जाता जाता सांगतो: 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचे नोंदणी नूतनीकरण बंद आहे. स्वस्त मिळते म्हणून उचलू नका.

चेसिस नंबर आत्ताच शोधा. तो सांगाड्यावर कोरलेला असतो, वर चिखल-ग्रीसचा थर असतो. घासलेटच्या बोळ्याने पुसा. ग्राइंडर तिकडे न्यायचाही नाही. कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. नंबर जुळत नसेल किंवा गंजाने खाल्ला असेल तर आधी आरटीओ, मग पाना.

आता शेड. गाडी आत गेल्यावर चारी बाजूंनी माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा हवी. साधारण वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असले तर भागते. जमीन मातीची असेल तर निदान गाडीच्या खालचा भाग कोबा करून घ्या, जॅक मातीत रुततो. गाडी उचलून विटांवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ब्लॉक भार घेत घेत अचानक भुगा होतो, आधी सूचना देत नाही. लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घ्या किंवा जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपायचे नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

पान्यांबाबत या गाडीची एक गंमत आहे. सांगाडा, धुरे, पाटे (लीफ स्प्रिंग) हे सगळे अमेरिकन विलीज जीपच्या वंशातले, म्हणजे इंचातले. एक्सडीपी इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर इगतपुरीला बनलेले, 2,112 सीसीचे, म्हणजे मिलिमीटरमधले. एकाच गाडीत दोन मापे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, फरक फक्त 0.3 मिमीचा असतो. पण गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग छन्नी-हातोडा. दोन्ही मापांचे रिंग पाने आणि गोटी पाने घ्या आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल मारा. सकाळी ऑइल मारून दुपारी पाना लावला तर उपयोग नाही.

चाके काढताना डाव्या बाजूला सावध राहा. विलीज घराण्यातल्या जुन्या गाड्यांत डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे सुटायला ते घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागतात. बोल्टाच्या टोकावरची घाण पुसून बघा, तिथे 'एल' अक्षर दिसले तर आटे उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट मोडून हातात येतो. अधेमधे कुणी हब बदलला असेल तर एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरे असेही निघते. म्हणून प्रत्येक चाक बघून घ्या.

सांगाडा तपासायला तुमच्याकडे दोनच अवजारे हवीत, लहान हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. हातोडीने टकटक करत पुढून मागे जा. चांगले लोखंड खणखणते, आतून गेलेले बद्द वाजते. बद्द वाजले तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसा. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे सांगाड्याला धरतात ती जागा, हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या आणि केबिनचे रबर माउंट बसतात ते कोपरे आधी जातात, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथे बसून राहतो आणि पावसाळाभर ओला असतो. तुमच्या गाडीने शेणखत किंवा रासायनिक खताची पोती वाहिली असतील तर हौद्याखाली विशेष बघा. युरिया-पोटॅश सांडून राहिलेला पत्रा मिठाच्या पाण्यात ठेवल्यासारखा गळतो.

आडव्या पट्ट्या गेल्या असतील तर त्या बदलून घेता येतात. मुख्य लांब रूळ गेला असेल तर घरच्या वेल्डिंगने त्यावर पट्टी डकवू नका. हे काम चेसिस सरळ करणाऱ्याकडे द्या. पट्टी मारलेला रूळ पट्टीच्या कडेलाच तडकतो, आणि तडकतो तो भरल्या गाडीत. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची वायर काढा, अल्टरनेटरच्याही वायरी काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी लावा. चिमटा बंपरला लावून मागे वेल्ड केले तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

सांगाडा आणि रिमा सँड ब्लास्टिंगला द्यायला हरकत नाही. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे मात्र देऊ नका. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा ताणला जातो, लाटा येतात, आणि त्या लाटा लपवायला किलोभर लांबी, म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी, लागते.

ब्रेकवर मी इंजिनाच्या आधी येतो, त्यावर बरेच मेकॅनिक हसतात. पण गाडी सुरू झाली की घरातल्या कुणाला तरी ती अंगणात एक चक्कर फिरवायचीच असते. त्या दिवशी ब्रेक असलेले बरे. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, बूस्टर नाही, आणि जुन्या मास्टर सिलिंडरमधून सगळ्या चाकांना एकच लाइन जाते. एका ठिकाणी गळाले की चारही गेले. म्हणून इथे 'जेवढे खराब तेवढे बदला' असे करायचे नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी पाइप एकदम नवे टाका. पुढच्या काळात दोन स्वतंत्र लाइनचा मास्टर सिलिंडर आला. तो नीट बसवून घेता आला तर घ्या. मूळपणाचा आग्रह मलाही आहे, पण ब्रेकमध्ये नाही.

ड्रम निघत नसेल तर आधी शूचे ॲडजस्टर सैल करा, मग ड्रमच्या काठावर लाकडाचा ठोकळा ठेवून गोल फिरत ठोका. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळातल्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते फुप्फुसात गेले की परत येत नाही. पाण्याने भिजवा, फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका. सिलिंडर उघडलात की आत तपकिरी चिखल निघेल. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते पाणी खाली बसते आणि बोअरला खड्डे पाडते. खड्डे नखाला लागत असतील तर घासून उपयोग नाही, नवा सिलिंडर. रबराचे कप बसवताना ब्रेक ऑइलच लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइलचे बोट लागले तरी रबर फुगते आणि ब्रेक धरून राहतो. एअर, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा, काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे.

याच बैठकीत स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे बुश आणि शाफ्टचे क्रॉस बघून टाका. शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर छन्नीने समोरासमोर खूण करा. एक दात चुकवून बसवला तर गाडी चाळीसच्या वर थरथरते आणि कारण शोधता शोधता जीव जातो.

आता तुमचे न फिरणारे इंजिन. 'जाम झालेय' असे म्हणण्याआधी नक्की काय जाम आहे ते बघा. गिअर न्यूट्रलला टाका. पंख्याचा पट्टा काढा, कारण पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर धरलेला असू शकतो. स्टार्टर खोलून बाहेर घ्या, त्याचा दात रिंगमध्ये अडकलेला असतो कधी कधी. एवढे करूनही फिरत नसेल तर आत पिस्टन-रिंगा लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला, धरल्या आहेत. गाडी बंद केली त्या दिवशी ज्या सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरत राहते. बहुधा चारांपैकी एखाद-दुसराच सिलिंडर खरा गुन्हेगार असतो.

चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे) आणि ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारे) काढा. ग्लो प्लग ठिसूळ झालेले असतात, आधी तेल मुरू द्या आणि हलक्या हाताने पुढे-मागे करत सोडवा. मोडून आत राहिला तर हेड उतरवावेच लागते. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे ऑइल आणि डिझेल निम्मे-निम्मे मिसळून दोन-तीन चमचे सोडा. भोकांवर फडके दाबून ठेवा आणि निघून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे सोडा. चार दिवस, आठ दिवस, जेवढे लागतील तेवढे. घाईवर इथे औषध नाही. मग स्टार्टरच्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात दिसतात, तिथे जाड पहार नेमकी बसवून हलकेच एका दिशेने, मग उलट दिशेने दाबा. केसभर जरी हलले तरी जिंकलात. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा तेल. पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवायचे तर घट्ट होण्याच्या दिशेनेच, नाहीतर इंजिनाऐवजी बोल्ट फिरेल.

ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअर टाकून ओढायचा सल्ला गावात दहा जण देतील. ऐकू नका. धरलेली रिंग मोडते, पिस्टनचा काठ फुटतो, आणि जे काम तेलावर भागत होते त्याला पिस्टन-लायनरचा सेट लागतो.

इंजिन मोकळे झाले की नोझल न बसवता आधी हाताने दोन फेरे पूर्ण फिरवा, मग भोकांवर फडके टाकून स्टार्टरने. आतले तेल पिचकारीसारखे बाहेर येते, तोंड लांब ठेवा. नोझल आधीच बसवले आणि सिलिंडरमध्ये तेल साचलेले असले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तेलाने सुटलेच नाही तर हेड काढावे लागेल, पण तरीही हातपाय गाळू नका. या इंजिनाचे लायनर ओले आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळते आणि ते ब्लॉकमधून उपसून नवे बसवता येतात. ब्लॉक बोअर करायची गरज पडत नाही. नवे लायनर बसवल्यावर त्यांचा वरचा काठ ब्लॉकच्या पातळीपेक्षा सगळीकडे सारखा आणि किंचित वर राहायला हवा, तो डायल गेजने मोजून घ्या. तिथे कमी-जास्त झाले की हेडचे पॅकिंग जाते. हे मोजमाप, हेडची सपाटी, क्रँकचे ग्राइंडिंग ही घरची कामे नाहीत. तुम्ही सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, तिथे या कामाचे हात अजून आहेत. डिझेल पंप आणि नोझलसुद्धा घरी उघडायचे नाहीत. पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरच जाऊ द्या.

टाकी वेगळी काढा. जुन्या डिझेलचा डांबरासारखा गाळ खाली बसलेला असेल. स्वच्छ बारीक खडी आणि थोडे डिझेल घालून टाकी हलवत राहा, ओता, पुन्हा भरा. गळत असेल तर वेल्डरकडे घेऊन पळू नका. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट फुटते. रेडिएटरवाल्याकडे वाफेने धुऊन मगच दुरुस्ती.

पहिल्यांदा सुरू करताना नवे ऑइल, नवा फिल्टर, आणि डिझेल लाइनची एअर काढलेली. नोझलच्या पाइपचा नट सैल करून एअर काढताना बोट पुढे धरू नका, त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. स्टॉपची केबल (इंजिनाचे डिझेल तोडणारी) ओढून धरा आणि ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. मग केबल सोडा. एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि हवेच्या तोंडाला पुरा बसेल असा फळीचा तुकडा हाताशी ठेवा. बऱ्याच दिवसांनी उठलेले डिझेल इंजिन कधी कधी स्वतःच वेग पकडते, चावी आणि स्टॉप दोन्ही ऐकत नाही, तेव्हा हवा बंद करणे हाच इलाज असतो. फळीने, हाताने नव्हे.

बोलेरोच्या इंजिनाबद्दल मेव्हण्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात आणि ताकद जास्त. पण माउंट, रेडिएटर, क्लच, कधी गिअर बॉक्सही बदलावा लागतो. त्यात बदललेले इंजिन आरसीवर चढवण्यासाठी आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि जास्त ताकद त्याच जुन्या ब्रेकवर येते. तुमचा ब्लॉक फुटलेला नसेल तर एक्सडीपीच ठेवा. थोडे हळू आहे, आवाज आहे, पण शेतापासून घरापर्यंत कुणाला पोहोचायची एवढी घाई आहे? भाग मिळतात. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली म्हणून गाव आहे, जीपच्या बॉड्यांसाठी ते देशभर माहीत आहे, तिथूनही ट्रान्सपोर्टने माल येतो. जुना भाग हातात घेतल्याशिवाय फेकू नका. नमुना दाखवल्याशिवाय दुकानदार नेमका भाग देत नाही.

गिअर बॉक्समध्ये ऑइल भरताना डब्यावर जीएल-4 बघा. आत पितळी रिंगा असतात, डिफरन्शियलसाठीचे जीएल-5 ऑइल त्यांना खाऊ शकते. दुकानदार 'दोन्ही नव्वद नंबरच' म्हणेल. घट्टपणा सारखा असतो, आतली रसायने सारखी नसतात. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता धरा. गिअर पडत नाही म्हणून लगेच गिअर बॉक्स उतरवू नका.

वायरिंगची डागडुजी करण्यात वेळ घालवू नका. उंदरांनी काय खाल्ले आणि कुठल्या वायरमनने काय जोडले याचा हिशोब लागत नाही. जुना जुडगा टेबलावर पसरून, लांबी मोजून नवा बनवा. फ्यूज बॉक्स आणि हेडलाइटला रिले टाका, ग्लो प्लगला जाड वायर. रंग झाल्यावर 'इंडिकेटर लावला की टेललाइट मंद होते' अशा तक्रारी येतात, त्या बहुतेक अर्थिंगच्या असतात: अर्थिंगच्या बोल्टाखाली रंग बसलेला असतो. तिथला रंग खरवडून, बोल्ट आवळून, मग वर ग्रीस.

पत्र्याकडे वळण्याआधी एक निर्णय करा. त्या काळात अशा कितीतरी गाड्या नुसत्या चेसिस आणि पुढच्या तोंडासह विकल्या जात आणि हौदा गावचा बॉडी बिल्डर बनवत असे. तेव्हा 'कंपनीसारखा हौदा' शोधत फिरू नका; तुमच्या गाडीला तो कदाचित कधी नव्हताच. लग्नाच्या, पोळ्याच्या, बाजाराच्या जुन्या फोटोंत गाडी मागे कुठेतरी उभी सापडेल. फाळक्याच्या पट्ट्या, कड्या, बाजूची जाळी त्यातून काढा. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे, स्पीडोमीटर काढला की सापडतो, तिथे ऊन पोहोचलेले नसते.

आणि फाळक्यावरची अक्षरे! 'अंबाबाई प्रसन्न', मुलांची नावे, कोपऱ्यात पेंटरची सही, जे काही असेल ते घासण्याआधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. गिऱ्हाइके ग्राइंडर फिरवून झाल्यावर मला विचारतात की तसेच लिहून मिळेल का. तो हात गेला की गेला, संगणकावर काढलेल्या स्टिकरला त्याची सर नाही. फक्त 'हॉर्न ओके प्लीज' पुन्हा लिहू नका, राज्याने ते 2015 मध्ये बंद केले.

गेलेला पत्रा कापून नवा लावा. वरून पत्रा ठेवून कडेने वेल्ड केला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहते आणि तीन पावसाळ्यांत दोन्ही जातात. पातळ पत्र्याला साधे आर्क वेल्डिंग भोके पाडते. मिग (बारीक तारेचे वेल्डिंग) मशीन भाड्याने आणा, टाके घालत जा, एका जागी सलग ओढू नका, मध्ये गार होऊ द्या. लांबी फक्त खरवड भरायला. आधीच्या कुणी किती भरली आहे ते बघायला लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही. गंज काढलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसात राहिली तर त्यातून ओल आत जाते. खालच्या बाजूला काळे ऑइल मारायची आपल्याकडची जुनी रीत आहे. लोखंड टिकते, खोटे नाही. पण बुश आणि होज फुगतात आणि रस्त्यावर थेंब पडत जातात. पोकळ भागांत मेणाचा फवारा मिळतो, तो घ्या.

रंगासाठी दिवाळीनंतरचे दिवस. पावसाळ्यात ड्युको (पटकन वाळणारा लॅकर रंग) मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, हवेतली ओल रंगात अडकते. घरी मारायचा असेल तर साधा सिंथेटिक इनॅमल मारा, शेडची जमीन आधी पाण्याने शिंपडा म्हणजे धूळ बसते. पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरच्या शेडमध्ये नको. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही आणि एकदा दम्याचा त्रास लागला की पुढे नुसत्या वासानेही उठतो. पीयूच हवा असेल तर बूथवाल्याकडे न्या. शेतकामाच्या पिकअपला इनॅमलच शोभतो, असे माझे मत आहे. ओरखडा उठला तर तुम्ही ब्रशने भरू शकता.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण सांगाडा आणि लायनर बघितल्याशिवाय दिलेला आकडा खोटा असतो. एवढे धरून चाला की इंजिनाच्या खर्चाने लोक घाबरतात, पण पैसे खातात ते टायर, बॅटरी, काचेची रबरे, कुशन, वायरी आणि असंख्य लहान बुश. टायर 6.00-16 चे लागतात. जुन्या टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला चिरा असतील तर ते फक्त गाडी ढकलायला ठेवा.

रस्त्यावर काढायच्या आधी विमा आणि एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबरप्लेट, करून घ्या. पहिले काही दिवस हौदा रिकामा ठेवा आणि गावाच्या आसपासच फिरवा. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमला हात लावून बघा. एखादा इतरांपेक्षा गरम असेल तर तो ब्रेक धरतो आहे. चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, नवा रंग खाली दबला की ते सैल होतात. ऑइलची कांडी ओढून बघा. दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी आत येते आहे, गाडी तिथेच बंद करा आणि लायनरच्या खालच्या सीलपासून तपासायला लागा.